मोठं आतडं काढायचं म्हणतात, पण आत्ता नेमकं काय ठरवायचंय?

पत्र असं आहे:

"ताई, मी 27 वर्षांची आहे. आठ वर्षं झाली अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. स्टिरॉइडचा डोस कमी केला की परत रक्त सुरू, मग परत डोस वाढवायचा, असं कितीदा झालं याची गणतीच नाही. दोन बायोलॉजिकल औषधं झाली, पहिलं वर्षभर चाललं, दुसरं लागूच पडलं नाही. आता दिवसातून आठ-नऊदा जावं लागतं, बहुतेक वेळा रक्त असतंच, हिमोग्लोबिन 9 आहे. डॉक्टर म्हणतात मोठं आतडं काढून टाकू. आई म्हणते एवढी घाई कशाला, अजून एखादं औषध बघू. नवरा काहीच बोलत नाही, नुसती फाइल चाळत बसतो. पिशवी कायमची राहील का? पाउच करून घ्यावा का? मूल होईल का? नोकरीचं काय? आणि नवरा माझ्याकडे पूर्वीसारखं बघेल का? हे सगळं एकदम डोक्यात येतं आणि मग मी सर्जनची अपॉइंटमेंट पुढे ढकलते. दोनदा ढकलली. काय करू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. मी स्वतः या सगळ्यातून गेलेय, पोटावर पिशवी लावून राहिलेय आणि आता मला पाउच आहे, म्हणजे लहान आतड्याचीच पोटात आत शिवलेली थैली, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे. तुझे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचाच.

पण आधी एक तातडीचं. तू आकडे लिहिलेस ते सहज लिहून गेलीस, मला मात्र ते वाचून काळजी वाटली. ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी 1955 साली कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची ही सूज, किती जोरात आहे हे ओळखायचे निकष दिले होते, ते आजही वापरतात. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि त्यासोबत ताप, 90 च्या वर नाडी, किंवा हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली, यातलं एखादं जरी असलं तरी तो आजार तीव्र धरतात. म्हणजे तू आत्ताच त्यात बसतेस. आठ वर्षं हेच बघून बघून आपल्याला ते रोजचं वाटायला लागतं, हे मला चांगलं माहितीये. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच तुझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन कर आणि हेच आकडे सांग. ते अ‍ॅडमिट व्हायला सांगतील कदाचित, हो म्हण. आणि पोट फुगलं, ताप आला, छाती धडधडायला लागली किंवा पोटात सतत जोराचं दुखायला लागलं तर फोनही नको, सरळ हॉस्पिटल गाठ.

हे एवढं ठासून सांगतेय कारण हे ऑपरेशन दोन प्रकारे होतं, ठरवून किंवा इमर्जन्सीत, आणि दोन्हींत फार फरक आहे. इमर्जन्सीत काय होतं, तर पेशंट अ‍ॅडमिट होतो, शिरेतून स्टिरॉइड देतात, साधारण तिसऱ्या दिवशी बघतात फरक पडला का, नाही पडला तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन देऊन बघतात, त्यानेही नाही झालं की ऑपरेशन, आणि तोवर माणूस पार खचलेला असतो, अंगात रक्त नाही, प्रोटीन नाही, स्टिरॉइडचा डोस भरपूर, अशात टाके नीट भरत नाहीत, इन्फेक्शन पटकन होतं. आतडं फुगून फाटलं तर मग जिवावरच बेततं. ठरवून केलं तर आधी लोह चढवता येतं, खाणंपिणं सुधारता येतं, स्टिरॉइड जमेल तेवढं उतरवता येतं, दुर्बिणीतून होण्याची शक्यता वाढते आणि पिशवी पोटावर कुठे यावी हे तू शुद्धीवर असताना तुझ्याशी बोलून ठरतं. अंगात ताकद आहे तोवर ठरवून करणं, याला मी घाई म्हणणार नाही.

आता आईचं म्हणणं. ते उडवून लावू नकोस, तिचा प्रश्न रास्त आहे. पण तो तिने तुला विचारायचा नाही, तुम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांना विचारायचा. माझ्यासाठी नेमकं कुठलं औषध शिल्लक आहे? दोन बायोलॉजिकल फेल गेल्यावर ते लागू पडायची शक्यता किती? किती आठवडे वाट बघायची, आणि काय दिसलं की थांबायचं? टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब अशा गोळ्या आहेत, काहींना चांगल्या लागू पडतात, पण मूल हवं असेल तर त्या काळात त्या चालत नाहीत हेही तेव्हाच कळू दे. वाट बघायची तर तारीख ठरवून बघा, "बघू अजून थोडे दिवस" असं मोघम नको. आणि कोलोनोस्कोपीत तपासायला काढलेल्या तुकड्यात पेशी बदलल्याचं, डिस्प्लेसिया वगैरे आलं असेल तर गोष्ट वेगळी, तो रिपोर्ट काय आहे ते नक्की विचार. आठ वर्षं झालीत म्हणजे कॅन्सरच्या दृष्टीने नियमित तपासणी सुरू व्हायची वेळ तशीही आलेली आहे.

तुझ्या पत्रातल्या पाच प्रश्नांबद्दल मला मुख्य सांगायचंय ते हे की ते पाचही तुला आज सोडवायचे नाहीयेत. तुझ्यासारख्या पेशंटचं, म्हणजे आजार जोरात, हिमोग्लोबिन कमी आणि स्टिरॉइड चालू, असं असलं की बहुतेक सर्जन हे काम तीन टप्प्यांत करतात. पहिल्या ऑपरेशनमध्ये मोठं आतडं काढतात, गुदाशय, म्हणजे त्याचा अगदी खालचा शेवटचा भाग, आत तसाच ठेवतात, आणि लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर आणतात, त्यावर पिशवी लागते, याला इलिओस्टोमी म्हणतात. बस. एवढ्यावर काही महिने थांबायचं, स्टिरॉइड उतरवायचं, वजन वाढवायचं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये गुदाशय काढून लहान आतड्याचाच इंग्रजी जे अक्षरासारखा पाउच शिवून खाली जोडतात, तो भरेपर्यंत वर तात्पुरती पिशवी असतेच. मग साधारण दोन-तीन महिन्यांनी जोड नीट भरलाय का ते एक्सरेत औषध सोडून बघतात आणि तिसऱ्या, छोट्या ऑपरेशनमध्ये पिशवी बंद. म्हणजे पाउच की कायमची पिशवी हा प्रश्न पहिल्या ऑपरेशननंतरही उघडाच राहतो. मुलाचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे, तोही उघडा राहतो. आत्ता तुला एवढंच ठरवायचंय की हे सडलेलं, रक्त वाहणारं आतडं पोटात ठेवायचं की नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात आणि गुदाशयातच असतो, लहान आतडं धडधाकट असतं, म्हणून तर हे ऑपरेशन उपयोगी पडतं. अन्न पचवायचं आणि शोषून घ्यायचं मुख्य काम लहान आतडंच करतं, मोठं आतडं मुख्यतः पाणी आणि मीठ ओढून घेतं. म्हणून ते काढल्यावर माणसाचं पोषण थांबत नाही, पाण्याचं आणि मिठाचं मात्र बघावं लागतं, त्यावर पुढे येते. एक लक्षात ठेव, सांधेदुखी असेल तर ती बऱ्याचदा आतड्याबरोबर कमी होते, पण पाठीच्या मणक्याचा किंवा लिव्हरच्या नळ्यांचा आजार सोबत असेल तर तो ऑपरेशनने जात नाही. असं काही असेल तर सर्जनला आधी सांग. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांग, त्यातल्या काहींनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि आपल्या आजारात तो आधीच जास्त असतो.

पोटावर बाहेर आणलेल्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ऑपरेशनच्या आधी स्टोमा नर्स येऊन तो कुठे यावा याची पोटावर मार्करने खूण करते. हे काम अजिबात घाईत होऊ देऊ नकोस. ती तुला उभं करेल, बसवेल, वाकायला लावेल, कारण झोपल्यावर सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर घड्या पडतात आणि घडीत स्टोमा आला की पिशवी चिकटत नाही, रोज गळते. नेहमीचे कपडे घालून जा, कमरेचा पट्टा किंवा नाडी कुठे येते ते दाखव, आणि खूण तुला स्वतःला मान खाली घालून दिसतेय ना ते बघ. दिसली नाही तर सांग, दिसत नाही म्हणून. एवढ्या पाच मिनिटांवर पुढचे कितीतरी महिने सुखाचे जातात, आणि स्टोमा नर्स नसेल तर सर्जनलाच हे करायला सांग, लाजू नकोस.

जाग आल्यावर नळ्या असतील, लघवीची, सलाइनची, कधी नाकातली. दुखतं, पण त्यावर औषध असतं आणि ते मागून घ्यायचं, सहन करून कुणी बक्षीस देत नाही आणि दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही, मग छातीत कफ धरतो. दुसऱ्या दिवशीच उठवून बसवतील, चार पावलं चालवतील. चाल. गुठळी होऊ नये म्हणून पोटात बारीक इंजेक्शन देतात, काहींना घरी गेल्यावरही काही आठवडे चालू ठेवतात, ते चुकवायचं नाही. आतडं एक-दोन दिवस झोपलेलं असतं, मग पिशवीत आधी हवा येते, मग हिरवट पाणी, आणि सगळा वॉर्ड खूश होतो. काहींचं आतडं जागं व्हायला जास्त वेळ घेतं, पोट फुगतं, उलट्या होतात, परत तोंडाने बंद करतात. ते झालं तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा ऑपरेशन न करता सुटतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण ती अचानक झाली की माणूस हादरतो. पिशवी असूनही तुला खालून जायची भावना होईल, आणि गेलीस तर चिकट आव पडेल, थोडं रक्तही असेल. गुदाशय आत आहे, तो आव तयार करत राहतो. निवांत बसून जाऊ दे, कुंथू नकोस. खूप रक्त, घाण वास किंवा ताप असेल तरच कळव.

स्टोमा पहिल्यांदा बघायचा क्षण अवघड असतो. लालबुंद, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो, आणि बघता बघता हलतो, कारण ते जिवंत आतडं आहे. त्याला दुखत नाही, त्यात दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात, पुसताना थेंबभर रक्त आलं तरी चालतं. काळा किंवा जांभळा पडला तर मात्र लगेच सांगायचं. मी पहिल्यांदा आरशासमोर उभी राहून पिशवी बदलली तेव्हा शर्टची कड हनुवटीखाली दाबून धरली होती, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून, आणि अर्ध्यातच स्टोमातून पाणी आलं, सगळं खाली. नर्स शांतपणे म्हणाली, टिश्यू धरा त्यावर, थांबेल. थांबलं. मग कोमट पाणी, नुसतं पाणी, साबण-तेल-क्रीम काही नाही कारण त्यावर चिकटपट्टी धरत नाही, मग त्वचा पूर्ण कोरडी, मग चकतीचं, म्हणजे पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या भागाचं, भोक मापून कापायचं, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं. जास्त मोठं ठेवलं की उघड्या त्वचेवर तो पाचक रस येतो आणि कातडं अक्षरशः जळतं. चकती बसवल्यावर हाताचा तळवा त्यावर थोडा वेळ दाबून ठेव, उबेने ती छान चिकटते. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी बदल, तेव्हा आतडं सगळ्यात शांत असतं. तीन-चार दिवसांनी बदलायची, पण आतून खाज किंवा जळजळ वाटली तर त्याच क्षणी काढून बघ, दिवस मोजत बसू नकोस. आणि पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, तेव्हा दर आठवड्याला माप नव्याने घे. लोक हॉस्पिटलमधलंच माप महिनोन्‌महिने कापत राहतात आणि मग त्वचा का सोलली म्हणून विचारत बसतात.

आता पाणी. घरी आल्यावर लोकांना परत अ‍ॅडमिट व्हावं लागतं त्याचं मोठं कारण टाके नसतात, डिहायड्रेशन असतं. सुरुवातीला पिशवीतून दिवसाला लिटरभर किंवा जास्तही पाणी जातं, हळूहळू घट्ट होऊन 500 ते 800 मिलीपर्यंत येतं. पहिले काही आठवडे मोजायचं, मापाच्या भांड्यात रिकामी करून वहीत लिहायचं, कंटाळा आला तरी. दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी आणि गडद झाली, उभं राहिल्यावर गरगरलं, पोटऱ्यांत गोळे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. आणि अशा वेळी नुसतं साधं पाणी ढोसायचं नाही. हे पटत नाही पटकन, मलाही पटलं नव्हतं, पण आतड्यात साधं पाणी आलं की ते शरीरातलं मीठ सोबत ओढून बाहेर जातं, जितकं पिशील तितकं जास्त जातं. ओआरएस पी, घोट घोट, दिवसभर. जेवणात मीठ थोडं जास्त घे, बीपी-किडनीसाठी बंदी नसेल तर. लोपरामाइडची गोळी पिशवीतलं पाणी कमी करते, जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात, पण किती ते डॉक्टर सांगतील. पोट साफ व्हायचं, जुलाब करवणारं औषध मात्र कुणीही दिलं तरी घ्यायचं नाही, पुढच्या कुठल्याही तपासणीच्या आधी दिलं तरी आधी सांग की मला मोठं आतडं नाही.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. पहिले दीड-दोन महिने कमी चोथ्याचं, मऊ, थोडं थोडं पण पाच-सहा वेळा. मक्याचे दाणे, सुकामेवा, मशरूम, फळांच्या साली, असलं चिवट काही सुरुवातीला नको कारण तिथे सूज असते आणि ते अडकतं. नंतर एकेक पदार्थ, एका वेळी एकच, नीट चावून. पिशवीत चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा येतायत आणि उलटी होतेय तर ते अडकलंय, हॉस्पिटल. गोळ्या अख्ख्या पिशवीत पडलेल्या दिसल्या तर त्याही सांग, काही गोळ्यांवरचं आवरण मोठ्या आतड्याच्या जवळ विरघळायला बनवलेलं असतं, त्या आता तुझ्या उपयोगाच्या नाहीत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय नको.

स्टिरॉइडबद्दल एक अगदी महत्त्वाचं. आतडं काढलं, आजार गेला, आता गोळी कशाला, म्हणून बंद केलंस तर जिवावर येईल. इतकी वर्षं बाहेरून मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, ते हळूहळू परत सुरू होतं, म्हणून डॉक्टर आठवड्याआठवड्याने उतरवतात. उतरताना अंग दुखतं, रडू येतं, झोप उडते, मन अगदी तळाला जातं. ते तुझं दुबळेपण समजू नकोस. आईला आणि नवऱ्याला हे आधीच सांगून ठेव, आणि दोन-तीन आठवडे तसंच राहिलं, कशात जीव लागेना, तर सरळ डॉक्टरांना सांग, त्यावरही उपचार असतो.

किती दिवसांनी नॉर्मल, असं सगळेच विचारतात. हॉस्पिटलमधून साधारण आठवड्या-दीड आठवड्यात घरी, काही अडलं तर जास्त. सहा-आठ आठवडे जड काही उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही, कारण स्टोमाच्या बाजूने हर्निया होतो. थकवा मात्र टाके भरल्यावरही राहतो, कित्येकांना आपण बरे झालो असं मनापासून वाटायला तीन-चार महिने लागतात. पण एक गोष्ट फार लवकर होते बघ. रात्रीची झोप. संडासच्या भीतीने घराबाहेर न पडणं संपतं, कुठे गेलं की आधी टॉयलेट शोधणं संपतं. तुझं तर हिमोग्लोबिन 9 आहे, ते वर आलं की तुला कळेल आपण किती वर्षं अर्ध्या जिवावर काढली.

पिशवी की पाउच याबद्दल थोडंच सांगते, कारण तो प्रश्न नंतरचा. पाउच बसल्यावर सगळं स्थिर झालं तरी दिवसाला साधारण चार ते आठ वेळा जावं लागतं, रात्री कदाचित एकदा. तू म्हणशील मग आत्ताचं काय वेगळं. वेगळं हे की रक्त नाही, कळ नाही, आणि धरून ठेवता येतं, मीटिंग संपवून जाता येतं. स्थिर व्हायला मात्र वर्षभर लागतं, सुरुवातीला तिथली त्वचा जळते, झिंक ऑक्साइडचं क्रीम लावत राहावं लागतं. पाउच असलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांना कधी ना कधी पाउचायटिस होतो, म्हणजे पाउचला सूज, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोलने बहुतेकदा जातो, मोजक्यांना वारंवार होतो. आणि थोड्या जणांचा पाउच शेवटी निकामी होऊन कायमची पिशवी येते. दुसरीकडे कितीतरी जण पिशवीवरच थांबतात, कामं करतात, पोहतात, ट्रेकला जातात, मुलं वाढवतात, आणि परत दोन ऑपरेशनं नकोत म्हणतात. तेही पूर्ण आयुष्य जगणंच. तू काही महिने पिशवीसोबत राहून मग ठरव, तेव्हा तुला स्वतःचा अनुभव असेल, माझा किंवा नेटवरचा नाही.

मुलाचं. ही गोष्ट सर्जन स्वतःहून काढतीलच असं नाही, म्हणून तू काढ. मूल व्हायला अडचण येते ती मुख्यतः गुदाशय काढून पाउच बसवताना, कारण ओटीपोटात खोल काम होतं आणि नंतर बीजवाहिन्यांच्या आसपास चिकटपणा तयार होतो, नैसर्गिकरीत्या गर्भ राहायची शक्यता त्याने कमी होते. दुर्बिणीतून केलं तर हा त्रास कमी असतो, आणि आयव्हीएफचा मार्ग तरीही खुला असतो. पहिल्या ऑपरेशनमध्ये त्या खोल जागेला फारसा हात लागत नाही. म्हणून काही बायका पहिल्या टप्प्यावर थांबतात, तब्येत सुधारून मूल होऊ देतात आणि मग पुढचं ऑपरेशन करतात. पिशवी असताना गरोदरपण होतं, नॉर्मल डिलिव्हरीसुद्धा होते, पोट वाढेल तसा स्टोमाचा आकार बदलतो तेवढं बघावं लागतं. मात्र आत राहिलेल्या गुदाशयाची अधूनमधून दुर्बिणीने तपासणी करत राहायला हवी, तो आजारी आहेच आणि कॅन्सरचा धोका तिथे उरतो, तेव्हा त्याला वर्षानुवर्षं विसरून चालणार नाही. तू आणि नवरा मिळून हे सर्जनशी आणि एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, पहिल्या ऑपरेशनच्या आधीच, म्हणजे सर्जनला पुढचा आराखडा करताना माहीत असेल.

आणि नवरा. नुसती फाइल चाळत बसतो असं लिहिलंस. मला तो माणूस घाबरलेला वाटतो. त्याला काय करावं हे कळत नाहीये, म्हणून हातात येईल ते वाचतोय. त्याला काम दे. सर्जनकडे त्याला घेऊन जा आणि प्रश्न लिहून घ्यायचं काम त्याच्याकडे दे, पिशवी बदलायला शिकवतील तेव्हा त्याला शेजारी उभं कर, त्याने बदलायची म्हणून नाही, पण बघितलेलं असलं की दडपण जातं, दोघांचंही. तो तुझ्याकडे कसा बघेल हे मी सांगू शकत नाही. पण तुला भीती वाटतेय हे त्याला तू अजून सांगितलं नसशील असं पत्रावरून वाटतं, ते आज रात्री सांग, याच शब्दांत, "तू माझ्याकडे पूर्वीसारखं बघशील का." जवळ येणं डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आणि तुला वाटेल तेव्हा, बहुतेक दीड-दोन महिन्यांनी. आधी पिशवी रिकामी कर, छोटी पिशवी किंवा कापडी कव्हर मिळतं ते लाव, तिला धक्का लागला म्हणून काही बिघडत नाही. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल, चालेल. दुखलं तर थांब आणि डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय असतात.

नोकरीसाठी आत्ता फक्त दोन-तीन महिन्यांची मेडिकल लीव्ह मिळेल का बघून ठेव, बैठं काम असेल तर बऱ्याच जणी त्याच्या आतही रुजू होतात, सुरुवातीला अर्धा दिवस. ऑफिसमध्ये सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही, "पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, अधूनमधून उठावं लागेल" एवढं पुरतं. एका विश्वासातल्या मैत्रिणीला मात्र खरं काय ते माहीत असू दे. ड्रॉवरमध्ये एक छोटा बटवा ठेव, त्यात आधीच भोक कापलेली चकती, दोन पिशव्या, टिश्यू, काळी कॅरीबॅग आणि एक जोडी कपडे. गाडीत ठेवू नकोस, उन्हाने चकतीचा चिकट भाग वितळतो आणि नेमकी गरज पडते तेव्हा ती धरत नाही.